सीटीचं प्रॅक्टिकल बंद करू नका: आमच्या अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
आमच्या कॉलेजच्या अभ्यास मंडळातले सगळे सर आणि मॅडम,

सादर नमस्कार.

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाण्याहून येते, लोकमान्य नगरातून टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावर आणि तिथून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नवी मुंबईत. गेल्या सोमवारी नोटीस बोर्डवर लागलेला कागद मी तीनदा वाचला. पुढच्या वर्षापासून कम्युनिकेशन टेक्नॉलॉजी, ज्याला आम्ही सगळे सीटी म्हणतो, तो विषय ऐच्छिक होणार, त्याचं प्रॅक्टिकल बंद होणार आणि त्याजागी तीन दिवसांचं सॉफ्टवेअर वर्कशॉप होणार असं त्यात लिहिलंय, आणि कारण म्हणून एकच ओळ आहे की कलेच्या विद्यार्थ्यांना हा विषय जड जातो, निकाल कमी लागतो. मी पुढच्या वर्षी इथे नसणार, माझ्या मार्कांना याने काही फरक पडत नाही. तरी लिहितेय, कारण चार वर्षांत मी जे काही शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगी काय असं कोणी विचारलं तर मी या विषयाचं सहावं सेम सांगेन, आणि ते माझ्या मागून येणाऱ्या मुलांना मिळणार नाही हे मला बघवत नाहीये.

आधी निकालाचं बोलते कारण ते खरं आहे. पाचव्या सेमला अर्ध्या वर्गाला सीटीत केटी लागली, म्हणजे विषय राहिला, मलाही लागली. पण त्या सेमला आमच्या हातात काय दिलं होतं ते एकदा बघा. कुठल्यातरी इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या नोट्सची झेरॉक्स होती, एएम, एफएम, मॉड्युलेटर, डिमॉड्युलेटर, सगळ्या चौकटी आणि बाण, ते पाठ करायचं आणि पेपरात काढायचं. सकाळी लेटरिंगच्या तासाला बोरूने श गिरवायचा आणि दुपारी कॅरियर वेव्हची व्याख्या लिहायची, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे कोणीच सांगितलं नाही. मग पोरं म्हणाली टेक्निकल आहे, आपल्याला जमत नाही. निकाल पडला तो त्या झेरॉक्सचा पडला असं माझं स्पष्ट मत आहे.

सहाव्या सेमला व्हिजिटिंगला नवीन सर आले. आधी बरीच वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी प्रोजेक्टर लावलाच नाही, नुसतं विचारलं, फोनवर आडनाव सांगताना तुम्ही काय म्हणता? सगळे एकदम बोलायला लागले, स सशाचा, श शहामृगाचा, फ फणसाचा, थ थर्मासचा. सर म्हणाले, समोर बसलेल्या माणसाला कोणी असं सांगतं का? नाही सांगत. मग फोनवरच का? सगळा वर्ग गप्प. मग त्यांनी सांगितलं की जुन्या टेलिफोनच्या लाइनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच आवाज जायचा, आणि स म्हणताना दातांतून जो घासलेला आवाज येतो त्याचा बराचसा भाग याच्या वर असतो, म्हणजे तो तारेत शिरतच नाही. आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक माप ८ बिटांचं, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, या एका आकड्यावर जगभरातली डिजिटल एक्स्चेंजेस उभी राहिली. आम्ही आमची नावं रेकॉर्ड केली, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ३,४०० च्या वरचं सगळं कापलं आणि परत ऐकलं. साक्षी आणि शाक्षी यातला फरक ओळखता येईना. आताच्या व्होल्टीवर, म्हणजे ४जीवरून होणाऱ्या कॉलवर, ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, म्हणून आईचा आवाज हल्ली फोनवर जवळ आल्यासारखा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही म्हणाल याचा डिझाइनशी काय संबंध. आम्हाला कॉपीरायटिंग आहे ना? आरोग्य शिबिराचा रेकॉर्डेड मेसेज लिहायचा असेल, गणपतीत मंडपाच्या भोंग्यावरून हरवलेल्या मुलाची सूचना द्यायची असेल, तर कुठला शब्द त्या भोंग्यातून जिवंत बाहेर पडेल आणि कुठला मरेल हे लिहिणाऱ्याला माहीत हवं की नको?

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पेपरातल्या हेडलाइनमधले सगळे काने, मात्रा, वेलांट्या खोडायला सांगितल्या. फळ्यावर लिहिलं, ठण महनगरपलक. सगळ्यांनी एका दमात वाचलं, ठाणे महानगरपालिका. मग एका मुलाच्या आत्याचं नाव आणि गावाचं नाव असंच लिहिलं, ते कोणालाच वाचता येईना. इथून सरांनी क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञापर्यंत नेलं, १९४८ साली बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना त्याने संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला, त्यातली मुख्य गोष्ट अशी की संदेशातला जो भाग आधीच ओळखता येतो तो गळाला तरी चालतं आणि जो ओळखता येत नाही तो जपावा लागतो. मी त्यानंतर पोस्टर करताना तारीख, वेळ आणि पत्ता यांना वेगळी वागणूक द्यायला लागले. 'भव्य आयोजन' अर्धं फाटलं तरी माणूस वाचतो, ७ चा १ झाला तर माणूस चुकीच्या दिवशी येतो. लेआउटच्या तासाला हायरार्की, म्हणजे डोळ्याला आधी काय दिसावं याचा क्रम, आम्ही तीन वर्षं शिकलो होतो, पण ती का हवी हे मला त्या ठण महनगरपलकने शिकवलं.

आता एक माझ्यावर ओढवलेली गोष्ट. आईच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं, निमंत्रण मी केलं. कट निबने हाताने लिहिलं, पैठणीच्या मोरपंखी रंगावर कुंकवाचा लाल. रंगसंगतीच्या मॅडमना मी प्रिंट दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या लाल काय उठून आलाय. मग तेच व्हॉट्सॲपवर पाठवलं, एका ग्रुपवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, आणि रात्री मावशीच्या फोनवर बघितलं तर अक्षरांच्या कडांना मळ साचल्यासारखं दिसत होतं, बारीक रेषा तुटल्या होत्या, वेळ तर वाचताच येत नव्हती, चार बायकांनी फोन करून विचारली. मी समजत होते की मावशीचा फोन खराब आहे. सरांना दाखवलं तर त्यांनी झूम केलं आणि छोटे छोटे चौकोन दाखवले. फोटो लहान करून साठवायची जी जेपेग पद्धत आहे ना, ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करते. उजेड-अंधार ती नीट जपते, रंगाची माहिती मात्र बहुतेक वेळा चौथ्या हिश्श्यावर आणते, कारण आपला डोळा उजेडातला फरक चटकन पकडतो आणि रंगातला फरक तितका बारीक पकडत नाही. माझा लाल आणि माझा मोरपंखी, ब्लॅक अँड व्हाइट करून बघितले तर जवळजवळ एकच करडा. म्हणजे माझ्या अक्षरांचा सगळा आकार फक्त रंगावर उभा होता, आणि नेमका रंगच वाटेत कापला गेला. तेव्हापासून फोनवर जाणारं कुठलंही काम मी आधी करड्यात बघते आणि मगच पाठवते. हे मला कलर थिअरीत कळलं नसतं आणि मॉड्युलेटरच्या चौकटीतही कळलं नसतं, दोन्ही एका टेबलावर आले म्हणून कळलं.

आणि आता ज्याच्यासाठी मुख्य हे पत्र लिहितेय ते पॅनेल.

दवाखान्याबाहेर, मेडिकलवर, मोबाइल रिपेअरच्या दुकानावर जी लाल अक्षरं सरकत जातात ना, त्यांना पी-टेन पॅनेल म्हणतात, ३२ दिवे आडवे, १६ उभे, दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. आम्ही चौघांनी पैसे काढून लॅमिंग्टन रोडवरून दोन पॅनेल आणि एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड, आणलं. सरांनी काम दिलं की ट्रान्स-हार्बरच्या स्टेशनांची नावं यावर मराठीत आणा, पण तयार फॉन्ट वापरायचा नाही, अक्षरं तुमची हवीत. आम्हाला वाटलं आठवड्याचं काम. आम्ही सव्वादोन महिने त्यावर होतो.

१६ ओळींत देवनागरी बसवून बघा एकदा. इंग्रजी अक्षर ७ ओळींत आरामात उभं राहतं. आपल्याला शिरोरेषा लागते, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. मी आलेख कागदावर वाटणी केली, वरच्या ४ ओळी मात्रांना, १ शिरोरेषेला, ८ अक्षराच्या अंगाला, ३ उकारांना. ठाणे सगळ्यात सोपं असेल असं वाटलं होतं, पण ८ ओळींत ठ चा गोल आणि ट चं उघडं पोट यांच्यात फक्त एका दिव्याचा फरक उरतो, तो एक दिवा गेला की ठाण्याचं टाणे. मग ठ रुंद केला. कोपरखैरणे पॅनेलवर मावतच नाही, सरकवावं लागतं, आणि सरकताना ख चा रव दिसायला लागतो, म्हणून ख चे दोन भाग खालून जोडले, जसं आपल्याला शाळेत शिकवतात तसंच, आणि तेव्हा उमगलं की ती जोडणी कुणीतरी वाचणाऱ्याची फसगत व्हायला नको म्हणून केलेली आहे. सगळ्यात जास्त रडवलं तुर्भेने. खाली त चा उकार, वर भ वर मात्रा आणि त्याच मात्रेच्या शेजारी रफार, आणि वर जागा फक्त चार ओळी. माझ्याकडे तुर्भेचे एकवीस कागद आहेत. शेवटी रफार दोनच ओळींचा केला, मात्रा एका दिव्याने डावीकडे कलती घेतली, आणि अंधारात दहा फुटांवरून माझ्या मैत्रिणीने पहिल्या फटक्यात तुर्भे वाचलं तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, वरच्या मजल्यावरून शिपाईकाका बघायला आले.

मग दिघा. अक्षरं सगळी बरोबर काढलेली, तरी पॅनेलवर वेलांटी द ला न लागता घ च्या गळ्यात पडलेली. आम्ही तासभर वायरी तपासल्या. सर म्हणाले वायर बरोबर आहे, मशीन तुम्ही बोलता त्या क्रमाने लिहितंय, तुम्ही बघता त्या क्रमाने नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या जगभरच्या पद्धतीत, आधी द साठवला जातो, मग वेलांटी, कारण आपण उच्चार तसा करतो, आणि ती डावीकडे नेऊन बसवणं हे पडद्यावर अक्षर काढणाऱ्याचं काम. ते काम आमच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कोणी करत नव्हतं, म्हणून आम्हीच नियम लिहिला, वेलांटी आली की आधीच्या अक्षराच्या डाव्या बाजूला न्या. जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या डावीकडे. रफार आला तर उलट, तो आधी साठवलेला असतो आणि अक्षर संपल्यावर वर चढवायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिला तो मराठीच्या वेलांटीसाठी. मोबाइलवर, बँकेच्या मशीनवर, कुठेही मराठी नीट दिसतं तेव्हा त्यामागे कुणीतरी हा नियम लिहिलेला असतो, आणि पाटीवर वेलांटी भलतीकडे पडलेली दिसते तेव्हा तो नियम तुटलेला असतो. आता मला ते चालता चालता दिसतं.

आणि अजून एक, या पॅनेलवर सगळे दिवे एकदम पेटतच नाहीत. एका क्षणी चौथा हिस्साच पेटतो, मग पुढचा, मग पुढचा, इतक्या वेगात की डोळ्याला सलग दिसतं. फोनने फोटो काढला की काळे पट्टे येतात ते त्यामुळे. माझ्या लेटरिंगच्या वहीत अक्षर म्हणजे शाई होती. इथे अक्षर म्हणजे सेकंदाचा एक बारीकसा तुकडा आहे, आणि तरी त्याचं वळण मला शाईइतकंच सांभाळायचं होतं.

माझे आजोबा तार खात्यात होते. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा गेल्या तेव्हा मी चौथीत होते आणि ते रिटायर होऊन किती वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी ते जेवले नाहीत. तारेला शब्दामागे पैसे पडायचे, म्हणून लोक खिडकीसमोर उभं राहून बोटांवर शब्द मोजायचे आणि आजोबा त्यांना सांगायचे की हा शब्द काढा, अर्थ तोच राहतो. सरांनी आम्हाला एसएमएसची असाइनमेंट दिली तेव्हा मला आजोबांची बोटं दिसत होती. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. कारण आत जागा १४० बाइटचीच आहे, इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, मराठीच्या प्रत्येक चिन्हाला १६ लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. स्त्री हे आपल्याला एक अक्षर दिसतं, फोन त्याचे सहा मोजतो, स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. ७० च्या वर एक जरी गेलं तरी दोन मेसेज होतात आणि पाठवणाऱ्याला दुप्पट पैसे. मी पाणीकपातीचा मेसेज केला होता: 'लोकमान्य नगर: शुक्रवारी सकाळी ९ ते रात्री ९ पाणी बंद. पाणी साठवून ठेवा.' मोजा. ७१ भरतात. शेवटचं टिंब काढलं आणि बरोबर ७० झाले. वर्गात कोणाचा ९४ होता, कोणाचा १२०, मग एकमेकांचे कापत बसलो, कुठला शब्द काढला तर म्हातारीला कळणार नाही यावर भांडलो. कॉपीरायटिंगचा इतका जिवंत तास मी दुसरा बघितला नाही.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, त्यांना दिसत नाही. ते फोनला बोट लावतात आणि फोन वाचून दाखवतो. सोसायटीच्या मीटिंगची नोटीस मीच करते, छान मांडणी करून, कर्व्हज करून, कारण प्रेसवाले दादा पहिलं हेच सांगतात की ताई कर्व्हज करून द्या नाहीतर फॉन्ट उडेल. काका मला म्हणाले की तुझी नोटीस आली की माझा फोन नुसतं 'चित्र' म्हणतो. कर्व्हज केलं की अक्षर अक्षर राहत नाही, रेषा होते, हे मला माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते माहीत नव्हता. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली पीडीएफ असेल तर त्याहून वाईट, फोन काहीतरी रोमन अक्षरं बडबडत सुटतो, कारण आत क च्या जागी भलतंच साठवलेलं असतं, फक्त वरून क चं सोंग असतं. आता मी नोटीस चित्र म्हणून पाठवते आणि खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करते. दोन मिनिटांचं काम आहे. ते मला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं, पहिल्या वर्षी कळायला हवं होतं.

नोटिशीत म्हटलंय की कलेच्या मुलांना हे जड जातं. सर, मॅडम, मोर्सची तार काढणारा कोण होता? सॅम्युएल मोर्स हा पेशाने चित्रकार होता, पोर्ट्रेट करायचा, न्यूयॉर्कच्या विद्यापीठात चित्रकला शिकवायचा, आणि त्याने तारेचं आपलं पहिलं यंत्र बांधलं ते कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर. तीच चौकट जी आपल्या पेंटिंग स्टुडिओत भिंतीला टेकून ठेवलेली असते. २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला त्याने पहिला अधिकृत संदेश पाठवला. आम्ही पॅनेलला लावलेलं आर्डुइनो, जे आज इंजिनिअरिंगची पोरं सर्रास वापरतात, ते २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावच्या इंटरॅक्शन डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत तयार झालं, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्त आणि सोपं काहीतरी हवं होतं म्हणून. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कला विद्यालयात टेलिकम्युनिकेशनचा अभ्यासक्रम १९७९ पासून चालू आहे, कला विद्यालयात.

आणि इतकं लांब कशाला, आपल्या जवळचं बघू. र. कृ. जोशी. जाहिरात क्षेत्रातले आर्ट डायरेक्टर, सुलेखनकार, कवी, पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात शिकवलं, आणि पुढे विंडोजमध्ये जो मंगल फॉन्ट आला, ज्याच्यावर या देशातल्या कितीतरी लोकांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर देवनागरी वाचलं, तो त्यांचा. बोरू धरणारा हात आणि फॉन्टच्या आतले नियम समजणारं डोकं एकाच माणसात होतं म्हणून ते झालं. आमच्या सुलेखनाच्या वर्गात त्यांचं नाव आदराने घेतात, पण त्यांनी ज्या वाटेने काम केलं ती वाट आता ऐच्छिक करायची?

एक छोटी गोष्ट सांगते ज्यात हे सगळं येतं. आपल्या राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ ला देवनागरी वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, त्यात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल हीच रूपं धरलीत. लेटरिंगला आम्ही तीच काढतो, दुसरी काढली तर सर खोडतात. पण वेबसाइटवर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचे श आणि ल दिसतात. कित्येक चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात, फक्त पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं एका शब्दात सांगावं लागतं आणि ती आपोआप वर येतात. ज्याला कोड येतं त्याला बहुधा हे माहीतच नसतं की श दोन तऱ्हेचा असतो, ज्याला श कळतो त्याला माहीत नसतं की भाषा सांगायची असते. मधे उभं राहणारा माणूस कुठे तयार होणार? मला वाटतं आपल्याच कॉलेजात.

वर्कशॉपबद्दल. सॉफ्टवेअर शिकायला माझा विरोध नाही, एआयची टूल्स आम्ही सगळे वापरतो. पण त्या टूलला पोस्टर मागितलं की अक्षरांचं चित्र येतं, ते काकांच्या फोनला वाचता येत नाही, एसएमएसमध्ये जात नाही, पॅनेलवर चढत नाही. आणि सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं. ३,४०० हर्ट्झ, ८ बाय ८, १४० बाइट हे मी कॉलेजात यायच्या कितीतरी आधीपासून आहे. चार वर्षांच्या फीमध्ये आम्हाला कुठलं बटण कुठे आहे एवढंच मिळणार असेल तर ते आम्ही घरी फोनवर बघून शिकतोच आहोत.

रोज ट्रेनने येताना ऐरोली, रबाळे गेलं की खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, पुढे महापेच्या बाजूलाही तेच. पूर्वी या पट्ट्यात केमिकलच्या कंपन्या होत्या, आता डेटा सेंटर उभी राहतायत. आपण व्हॉट्सॲप केलं की 'वर गेलं' म्हणतो, पण वर काहीच नाही, ते अशाच कुठल्यातरी इमारतीत जातं, तिथे एसी लावून थंड करतात, वीज खातं, समुद्रातल्या केबलने बाहेर जातं. आपल्या कॉलेजच्या इतक्या जवळ हे आहे आणि चार वर्षांत आमची एक फील्ड व्हिजिट झाली नाही. दरवर्षी कागदाची मिल आणि प्रेस बघायला नेतात, ते छानच असतं, ते बंद करू नका, त्यात ही एक घाला.

मागणं फार नाहीये. पाचव्या सेमची ती झेरॉक्स बंद करा, तिच्याऐवजी सहाव्या सेमला जे झालं तसं हाताने करायचं पहिल्या वर्षापासून थोडं थोडं द्या, लेटरिंगच्या, कॉपीच्या, कलरच्या तासांना जोडून, वेगळा पेपर नसला तरी चालेल. प्रॅक्टिकल ठेवा. परीक्षा पॅनेलवर, फोनवर, रेकॉर्डिंगवर घ्या, व्याख्यांवर नको. आणि सरांना तासाप्रमाणे पैसे देऊन दर सेमला आता पुढे बोलवू की नाही अशा टांगणीवर ठेवू नका, ते सुट्टीच्या दिवशीही येऊन आमच्या वायरी सोडवत बसायचे आणि त्याचे तास कुठेही लिहिलेले नाहीत. पैसे नाहीत हे कारण मला कळतं. आमचं सगळं सामान एका लोखंडी कपाटात मावतं, ते आम्ही चौघांनी आणलंय, आणि ते इथेच सोडून जायचं आम्ही ठरवलंय, दोन्ही पॅनेल, आर्डुइनो, माझे तुर्भेचे एकवीस कागदसुद्धा. फक्त ते कपाट उघडायला कोणीतरी हवं.

ज्युनिअर्सना मी हे पत्र दाखवलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी खाली सह्या करायच्या म्हटल्या पण मी नको म्हटलं, अजून त्यांच्या परीक्षा व्हायच्यात.

येत्या शनिवारी संध्याकाळी अंधार पडला की आम्ही ते पॅनेल कँटीनच्या बाहेरच्या भिंतीवर लावणार आहोत. ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत सगळी स्टेशनं आहेत. तुम्ही सगळ्यांनी या. दहा फुटांवर खडूने रेघ मारून ठेवतो, तिथे उभं राहून वाचा, आणि कुठलं अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर सांगा, मी आलेख कागद घेऊन तिथेच बसलेली असेन.

आपली विद्यार्थिनी,
अंतिम वर्ष, उपयोजित कला